पिवळा चिमटा

शर्ट डोक्यावरून ओढला तसं मानेमागचं काहीतरी सुटलं, फरशीवर टक्कन आपटलं आणि घसरत बादलीमागं जाऊन बसलं. पाल पडली असं समजून मी या वयाला न शोभणारी उडी मारली. मग, पाल पळत नाही म्हणून, वाकून बघितलं. चिमटा. दोरीवर कपड्यांना लावतात तो, प्लास्टिकचा. आता चिमटा सापडणं ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही, आणि आमच्याकडं तर नाहीच. महिन्यातला एक रविवार मी छातीवर चिमट्यांची रांग लावून हिंडतो, हे बायकोनं आता नशिबासारखं पदरात घेतलंय. पण हा पिवळा होता. नळाखाली धरला, पिवळाच. दिव्याखाली धरला, पिवळाच. आणि आत्ताच, घरात शिरल्या शिरल्या, बूटसुद्धा न काढता मी बायकोला सांगितलं होतं, की आज मी जे काय खेळलोय ना, असा जन्मात खेळलो नव्हतो. ती म्हणाली होती, "बरं झालं. बूट काढा."

आमचा खेळ सोंगाचा. पालिकेनं बंद करून ठेवलेला एक पोहण्याचा तलाव आहे, छपराखालचा, निळ्या फरशांचा. त्यात पाणी नाही, म्हणजे बुडायची सोय नाही, म्हणून तो आम्हाला वापरायला मिळतो. उथळ बाजूला गाव, खोल बाजूला राजवाडा, मधला उतार म्हणजे घाट. जीवरक्षकाची उंच खुर्ची हे सिंहासन. शॉवर म्हणजे अंधारकोठडी. आणि दारात पाय धुवायची जी चौकोनी टाकी असते ना, ती राज्याची हद्द. तिच्यापलीकडं परदेश, म्हणजे पार्किंग. नाटक म्हणाल तर नाही, कारण संवाद कुणी लिहिलेले नसतात आणि बघायलाही कुणी नसतं. सकाळी आत शिरताना आपलं नाव, धंदा, गुडघेदुखी बाहेर ठेवायची आणि संध्याकाळची शिट्टी होईपर्यंत दुसरंच कुणीतरी असायचं. विमा विकणारे एक गृहस्थ आमचे राजेसाहेब. एक आडदांड प्लंबर सेनापती. मी वजीर. बाहेर मी गाद्यांच्या दुकानात सेल्समन आहे, गिऱ्हाईकाला आडवं करणं हाच माझा धंदा, आणि दुकानातला उरलासुरला फोम पाइपावर चढवून, वरून टेप गुंडाळून सगळ्या तलवारी मीच केल्यात. अंगाला लागत नाहीत. लागतं ते मनाला.

चिमटा म्हणजे जीव. तलवार लागली की आपला एक चिमटा काढून मारणाऱ्याला द्यायचा. चिमटे संपले की मेलात, जाऊन शॉवरमध्ये बसायचं. आता ज्यांनी वर्षानुवर्षं मारामाऱ्या केल्या त्यांच्या छातीवर चिमटेच चिमटे. माझ्या अंगावर तर इतके, की बायको म्हणते, तुम्हाला उचलून तसंच दोरीवर वाळत घालता येईल. आणि नवा माणूस यायचा दोन-तीन चिमटे घेऊन. "राम राम, मी ह्या गावचा लोहार," एवढं म्हणेपर्यंत शॉवरमध्ये. पुढच्या महिन्यात कशाला तोंड दाखवतोय? असं करत करत आम्ही जुनेच उरलो, रोजच्या भाजीसारखे, एकमेकांना त्याच त्या कोपऱ्यात मारणारे. मग आमच्या खेळाची सगळी आखणी करणाऱ्या डेंटिस्टबाईंनी पिवळा चिमटा काढला. नव्या माणसाच्या कॉलरला मागून लावायचा, त्याला दिसू नये असा. त्यानं विचारलंच तर सांगायचं, ही राजाची कृपा. जुन्यांना खरा अर्थ माहीत, की हा लिंबू आहे. लहानपणी नाही का, मोठ्या पोरांच्या खेळात एखादं शेंबडं पोर घ्यावंच लागायचं, आईनं बजावलेलं असायचं म्हणून? ते लिंबूटिंबू. पळायला मोकळं, लपायला मोकळं, पण त्याला धरलं तरी तो आउट नाही आणि त्याच्यावर कधी राज्य नाही. तसं. पिवळ्याला जोरात मारायचं नाही, त्याचा चिमटा घ्यायचा नाही, त्यानं मारलं की "मेलो, मेलो" करून पडायचं, आणि हद्दीवर सगळ्यांची झडती झाली तरी त्याची घ्यायची नाही, बिचारं बुजतं. नवे आले. जिंकले. टाळ्या घेतल्या. पुढच्या महिन्यात तेही आले नाहीत. "मारलं तरी येत नाहीत, नाही मारलं तरी येत नाहीत," डेंटिस्टबाई म्हणाल्या, "माझे पेशंट बरे. दुखलं की परत तरी येतात."

आणि हा पिवळा चिमटा माझ्या मानेमागं. माझ्या! त्या तलावातली एकूण एक फरशी मला ओळखते. मी आरशाकडं पाठ केली आणि मान वळवून मागं बघायचा प्रयत्न केला. मान तेवढी वळत नाही. आपल्याला आपली पाठ दिसत नाही, ही देवानं माणसाची काढलेली पहिली खोडी. प्रश्न असा होता की हा केव्हापासून? कारण केव्हापासून ते कळलं, की आजच्या दिवसातलं माझं किती आणि मला दिलेलं किती ते कळणार. सकाळी नव्हता, गाडीत मागं टेकून बसलो होतो, टोचला असता. म्हणजे आत. आत कुणी? प्लंबर? त्याच्यात तेवढं डोकं नाही. राजा? राजाचे हात कॉलरपर्यंत पोचत नाहीत, मध्ये पोट येतं. मी स्वतःच्या मनात एकेकाची झडती घेत होतो आणि खरं सांगायचं तर ज्या नावापाशी पोचायचं त्याला वळसा घालत होतो.

"अहो, मशीन लावायचंय, शर्ट द्या," बायको दारावर वाजवून म्हणाली. मी दार किलकिलं करून शर्ट बाहेर दिला. "आणि चिमटे? माझे तीन चिमटे नेलेत तुम्ही सकाळी." मी म्हटलं, देतो. पिवळा मुठीत ठेवला.

विहीणबाईंना तिथं न्यायची कल्पना माझी नव्हती. लेकीचा फोन आला होता. "बाबा, आमच्या आईंना एकदा तुझ्या त्या तलावावर घेऊन जा ना." मी म्हटलं, "त्या? तलवार घेऊन?" "तलवारबिलवार नको देऊस. नुसतं बसव कुठंतरी. राणीबिणी कर. बाबा गेल्यापासून घराबाहेर पडल्याच नाहीयेत रे त्या." बाबा म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही, गेल्या वर्षी गेले. भला माणूस, माझ्या प्रत्येक खोडीला पहिल्यासारखा फसणारा. "आम्ही इतकं जपतो," लेक म्हणाली, "काडी इकडची तिकडं करू देत नाही, कुणी आवाज चढवत नाही, पण त्या दिवसेंदिवस नुसत्या... बसून असतात. आणि हे बघ, खोड्या काढायच्या नाहीत! त्यांना काही लागलं-बोचलं ना, तर मला तोंड दाखवू नकोस. मला त्याच घरात राहायचंय." "आणि हसत घरी आल्या तर?" "पुढच्या वेळी स्वतःहून जाते म्हणाल्या ना, तर तू म्हणशील ते." म्हणजे सगळं प्रकरण एवढ्यावर येऊन थांबलं होतं, की बाई दुसऱ्यांदा येतात की नाही. आणि दुसऱ्यांदा तर आमच्याकडं कुणीच येत नाही.

मी काय केलं, तर जे कुणीही शहाणा माणूस करेल तेच. आदल्या दिवशी सगळ्या जुन्यांना फोन केले. "माझी विहीण येतेय. काच आहे, काच. सांभाळून." आज सकाळी डेंटिस्टबाईंनी विहीणबाईंच्या ब्लाउजला मागून पिवळा चिमटा लावला, तसं त्या म्हणाल्या, "हे काय?" "राजाची कृपा." "अजून राजा बघितला नाही, तोवर कृपा?" डेंटिस्टबाईंनी विचारलं, कोण व्हायचंय, राणी की राजवैद्य? विहीणबाईंनी जरा विचार केला. सगळी नोकरी त्यांनी बंदरावर कस्टममध्ये काढली. बॅगेच्या झिपेकडं आणि माणसाच्या गळ्यातल्या वरखाली होणाऱ्या घाटीकडं बघून आत काय आहे ते ओळखायच्या. म्हणाल्या, "चोरटा माल नेणारी कुणी असते का तुमच्याकडं?" "असते ना! मीठ चोरून न्यायचं, घाटातून." "मग तीच. जन्मभर दुसऱ्यांना पकडलं. आता मला पकडा बघू." आणि हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं, ते मी बघितलं होतं. बघून सोडून दिलं. आम्हा खोडकर लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातली खोडी ओळखू येऊ नये? पण माझ्या डोक्यात काच बसली होती ना, काच.

फोमच्या कात्रणांची गोणी पाठीला लावून बाई उतारावरून निघाल्या. तोंडावर पदर, चाल अशी बेरकी, की दोन महिने तालीम केली असती तरी जमली नसती. घाटात प्लंबर पहाऱ्यावर. त्यानं पाठीचा पिवळा बघितला आणि छताकडं बघून शीळ घालायला लागला. बाई थांबल्या. चार पावलं मागं आल्या. पुन्हा गेल्या, ह्या वेळी गोणीतून मीठ सांडत. प्लंबर म्हणाला, "जा मावशी, जपून जा, फरशी निसरडी आहे." "अहो, गोणी बघा की!" "नको, असू दे." "असू दे काय? हा काय चेकनाका आहे? मीठ आहे ह्यात! चोरीचं!" "मीठच ना? घरातलंच समजा." मी खोल बाजूला उभा राहून हे बघत होतो आणि मनातल्या मनात प्लंबरची पाठ थोपटत होतो. छान चाललंय, म्हटलं. लागत नाहीये, बोचत नाहीये. बाईंनी गोणी तिथंच आदळली आणि खोल बाजूच्या लोखंडी शिडीच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसल्या. घरी बसत असतील तशा.

गॅलरीत वारा होता. मी टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आलो होतो, पिवळा चिमटा बोटाला लावून. तो धरून ठेवतो, सोडत नाही, पण दुखवतही नाही. असल्या धरण्यानं माणसाला कुठलं कुठलं आठवतं बघा. लहानपणी ताईची सगळी गँग जिन्याखाली लपंडाव खेळायची आणि मी लिंबूटिंबू. एकदा मी पाण्याच्या टाकीमागं लपलो. काय जागा होती! गार, अंधारी, शेवाळाचा वास. पावलं यायची, जायची. मी तोंडावर हात दाबून हसू धरून ठेवलेलं. मग पावलं थांबली. मग जिना शांत झाला. हसू किती वेळ धरून ठेवणार, त्याचं पोटात दही झालं. बाहेर आलो तर सगळे आपापल्या घरी जेवायला गेलेले. मला शोधायचं राहिलंच होतं. राहिलं असंही नाही, लिंबूला शोधायचं नसतंच. मी तसाच धावत घरात गेलो, ताईच्या ताटासमोर उभा राहून ओरडलो, "मी आउट! मी आउट! उद्या माझ्यावर राज्य!" ताई घास न थांबवता म्हणाली, "हो रे राजा, हो." त्या रात्री मी सगळ्या मजल्यावरच्या चपलांच्या जोड्या अदलाबदल करून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळी गँग माझ्यामागं धावली, मारायला, मनापासून. असा आनंद! ज्याच्यावर राज्य येत नाही त्यानं उच्छाद मांडायचा असतो, ही विद्या मी तिथं शिकलो आणि पुढं त्यावरच जगलो. हे सगळं मला माहीत होतं. हाडात होतं. तरी मी माझ्या विहीणबाईंना पिवळा चिमटा लावू दिला आणि पाठ थोपटून घेतली. माणूस किती सहज ताई होतो.

आणि मग तो शिडीखालचा प्रसंग, ज्याला मी मघापासून वळसा घालतोय. मी त्यांच्याजवळ गेलो, वजिराच्या थाटात मुजरा केला. "काय विहीणबाई, दमलात?" त्यांनी मानेमागं हात घालून पिवळा चिमटा काढला, माझ्यासमोर धरला. "हे काय आहे, व्याही?" "सांगितलं ना, राजाची कृपा." त्या माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हत्या. घाटीकडं बघत होत्या. "अख्खी नोकरी मी 'काही नाही साहेब, घरचंच आहे' हे ऐकण्यात घालवली. पुन्हा विचारते. काही डिक्लेअर करायचंय?" माझी घाटी खाली गेली आणि वर आली. मग सांगितलं. लिंबूटिंबू. मला वाटलं, रडतील. किंवा उठून रिक्षा बोलवा म्हणतील, आणि मग लेकीला तोंड कसं दाखवायचं ह्याची मी तयारी करायला लागलो. पण त्या चिमटा उघडत-मिटत बसल्या. "म्हणजे घरी मला हाच लावलाय होय," त्या म्हणाल्या. "रंग कळत नव्हता इतके दिवस." आणि थोड्या वेळानं, "कांदा चिरायला घेतला की सुरी काढून घेतात. सिनेमात कुणी मरायला लागलं की चॅनल बदलतात. मुलगा कधी भांडायचा माझ्याशी, काय आवाज लावायचा! आता म्हणतो, तुझं बरोबर आहे आई. काय बरोबर आहे? साखर महागली म्हटलं तरी माझं बरोबर?" मला दुकानातली खुर्ची आठवली. मालकानं ह्या महिन्यात काउंटरमागं आणून ठेवली आहे, नवी, गादीची. "काका, तुम्ही बसा, गिऱ्हाईक तो नवा पोरगा बघेल." मी त्या खुर्चीच्या एका पायाचा स्क्रू ढिला करून ठेवलाय, ते सोडा. पण बसतो मी तिच्यात. ती पिवळी नाही, तपकिरी आहे, एवढंच. मी नुसतं म्हटलं, "चला, चहा घेऊ." तेव्हा त्या उठल्या, पदर खोचला, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "थांबा हो, कॉलर वळलीये तुमची." आणि मागं जाऊन नीट केली.

कॉलर वळलीये तुमची.

गॅलरीच्या कठड्याला धरून मी मोठ्यांदा "आई गं!" म्हटलं. खालून जाणाऱ्या कुणीतरी वर बघितलं. म्हणजे चहापासून! म्हणजे चहानंतरचा अख्खा डाव! आता एकेक गोष्ट दोरीवरून गळून पडायला लागली. प्लंबरशी झालेलं घाटातलं द्वंद्व. माझा पाय घसरला, मी पाठीवर, तो माझ्यावर तलवार उगारून उभा, आणि उभाच. मी उठलो, धोतर सावरलं, तलवार शोधली, ती सापडेना, तर त्यानंच पायानं माझ्याकडं सरकवली. तेव्हा मला वाटलं, वजिराच्या नजरेची जरब! मग मी एक वार केला आणि तो आडदांड गडी "मेलो, मेलो" करत उतारावरून लोळत खाली गेला. दोनदा "मेलो" म्हणाला होता. खरा मरणारा एकदाच म्हणतो. मग दरबारात मी केलेलं ते भाषण, ज्यात मी राजाला तोंडावर मूर्ख म्हटलं आणि राजा गहिवरून "वजीरजी, आपलं बरोबर आहे" म्हणाला. आपलं बरोबर आहे! गावच्या दोन लोहारांनी माझ्यापुढं हत्यारं टाकली होती. डेंटिस्टबाई वरच्या काठावरून तोंडाला रुमाल लावून बघत होत्या. मला वाटलं, भारावल्यात. सगळ्यांना दिसत होता. सगळ्यांना वाटलं असणार, डेंटिस्टबाईंनीच लावलाय, म्हाताऱ्याला आजचा दिवस द्यायचा ठरलाय. आणि कुणी, एकानं सुद्धा, जवळ येऊन सांगितलं नाही. मी खोल बाजूला, निळ्या फरशांच्या मधोमध, पिसारा फुलवून नाचत होतो, आणि पिसाऱ्याच्या मागं काय दिसतं ते मोराला कधी कळत नाही.

राग यायला हवा होता. मी वाट बघितली, पण तो येईना. त्याऐवजी पोटात कुठंतरी खालून, टाकीमागच्या अंधारातून, काहीतरी खदखदत वर यायला लागलं. कारण मला बाई आठवायला लागल्या, चहानंतरच्या. पिवळा नसलेल्या. दोनदा पकडल्या गेल्या त्या. एकदा तर प्लंबरनं त्यांना खरोखरची हाळी देऊन पळवत नेलं, गोणीसकट. एक चिमटा गेला, दुसरा गेला. शॉवरमध्ये टाकलं, तिथून त्यांनी पहारेकऱ्याला काहीतरी सांगून बाहेर यायची वाट काढली. पदर सुटलेला, केस सुटलेले, तोंड लाल. मी मधूनच विचारलं होतं, "लागलं नाही ना?" तर म्हणाल्या होत्या, "बाजूला व्हा, कामात आहे." मला वाटलं, रागावल्यात माझ्यावर. घरी परतताना गाडीतही गप्प होत्या, खिडकीबाहेर बघत. दारात सोडलं तेव्हा फक्त "येते" म्हणाल्या. "पुन्हा येते" म्हणाल्या नाहीत, ह्याचा हिशोब मी वाटभर, पाठ न टेकता स्टिअरिंगवर वाकून, लावत होतो. खेळ संपताना मोठा गोंधळ झाला होता, त्यातही त्या गप्पच. सांगायचं राहिलं, शिट्टी झाली आणि कळलं, की मुकुट जागेवर नाही. आमचा मुकुट म्हणजे चंदेरी रंगाची पोहायची टोपी, तलावाच्याच जुन्या कपाटात सापडलेली. जो कुणी शिट्टीच्या आत मुकुट हद्दीबाहेर नेईल, त्याचं पुढच्या महिन्यापासून राज्य. इतक्या वर्षांत कुणाला जमलेलं नाही, कारण हद्दीवर जुना जुन्याची झडती घेतो ती नुसती बघण्यासारखी असते. आज सगळ्यांच्या पिशव्या उलट्या केल्या, विहीणबाईंचा तर अंबाडासुद्धा दाबून बघितला. "हां, असं," त्या खुशीत म्हणाल्या होत्या, "ह्याला म्हणतात तपासणी." मुकुट मिळाला नाही. शॉवरच्या जाळीत गेला असेल म्हणून सोडून दिला.

सगळ्यांच्या पिशव्या. माझी सोडून. मी तर शिट्टी व्हायच्या आधीच, विजयी वीर, माझी पिशवी गाडीत टाकून आलो होतो, आणि हद्दीवरच्या लोहारानं मला वाकून वाट दिली होती. पिवळ्याची झडती घ्यायची नसते.

"अहो!" आतून बायकोचा आवाज आला. हा आवाज मी ओळखतो; हा चिमट्यांचा आवाज नव्हे. ती गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. एका हातात माझा वजिराचा झगा, दुसऱ्या हातात, दोन बोटांच्या चिमटीत, लांब धरलेली, चंदेरी टोपी. "ही बायकांची पोहायची टोपी तुमच्या पिशवीत काय करतेय?"

ह्या प्रश्नाला जगात कुठल्याही नवऱ्यापाशी धड उत्तर नसतं. आणि माझ्यापाशी तर होतं ते इतकं खरं होतं, की कुणाचा विश्वास बसला नसता. नशिबानं फोन वाजला. लेक.

"बाबा! काय केलंस तू त्यांना?"

"का गं? काय झालं?"

"काय झालं? आल्यापासून गॅलरीत उभ्या आहेत. धुतलेले सगळे कपडे जमिनीवर. दोरीवरचे चिमटे काढून घेतलेत, एकूण एक! मी म्हटलं, आई, मी करते, तुम्ही बसा. तर म्हणाल्या..."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तू बस! बाबा, ओरडल्या माझ्यावर. आणि ह्यांच्याशी तर काय भांडल्यात, कपडे कोण उचलणार ह्यावरून. दोघंही ओरडत होते. आता ते खाली बसून कपडे उचलतायत आणि हसतायत, आणि मला काही कळत नाहीये. तू खोडी काढलीस ना? सांगितलं होतं मी तुला!"

"मी नाही गं," मी म्हटलं. "देवाशपथ, ह्या वेळी मी नाही."

तिकडं खडबड झाली, "दे इकडं" ऐकू आलं, आणि मग तो कस्टमच्या काउंटरमागचा आवाज, सावकाश, गोड, अंगावर काटा आणणारा. "व्याही. काही डिक्लेअर करायचंय?"

माझी घाटी खाली गेली आणि वर आली. "एक मुकुट आहे साहेब," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"तुमचा."

"आपला माल दुसऱ्याच्या बॅगेतून काढायचा. बॅग अशा माणसाची निवडायची, ज्याच्यावर कुणाला संशय येत नाही आणि ज्याला स्वतःलाही काही माहीत नसतं. आम्ही पकडायचो त्यातले निम्मे असलेच. बिचारे रडायचे." मग त्या हसल्या. हे हसू मी व्याही जिवंत असतानाचं ओळखतो; तो बिचारा फसायचा तेव्हा आतल्या खोलीतून यायचं. "आता नीट ऐका. पुढच्या महिन्यापासून राज्य माझं. दातवाल्या बाईंना सांगा, पिवळे चिमटे राणीसरकारांनी जप्त केलेत. कुणालाच नाही मिळणार. हवं त्यानं नीट मारावं, नीट मार खावा."

"आणि माझं काय, राणीसरकार? वजीर ठेवणार की...?"

"तुमचे चिमटे सगळे परत करायचे. गावात राहायचं, उथळ बाजूला, आमच्यासारखंच दोन-तीन जिवांवर. आणि मला शोधायचं. मी मीठ नेणार आहे, तुमच्या नाकाखालून." आणि वर, "राज्य माझं, व्याही. पण राज्य तुमच्यावर."

फोन बंद झाला. बायको अजून टोपी धरून उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, टोपीकडं बघितलं, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी पिवळा चिमटा दोरीवर लावून टाकला, गॅलरीच्या भिंतीकडं तोंड केलं, कोपर भिंतीला टेकवून त्यात डोळे मिटले, आणि मोठ्यांदा मोजायला लागलो. एक. दोन. भिंत दिवसभराची तापलेली होती. तीन. मिटल्या डोळ्यांमागं जिनाभर पावलं सैरावैरा पळत होती, लपायला, माझ्यापासून. चार.

"अहो," मागून बायको म्हणाली, "आधी शर्ट तरी घाला."